आडोशाचं दार

प्रीतीनं सवयीप्रमाणे 'आडोसा' उघडला आणि तिला वाटलं, पत्ता टाकतानाच काहीतरी चुकलं. पडद्यावर लेख नव्हते, टोपणनावं नव्हती, काहीच नव्हतं. कोऱ्या पानावर एक चौकट आणि तीत एक ओळ: स्वागत आहे, नवी साइट सुरू करण्यासाठी भाषा निवडा.

तिनं पत्ता पुन्हा टाकला. तेच पान. फोनवरून उघडून पाहिलं. तेच. या पानाचा अर्थ तिला माहीत होता. आत साठवलेलं काहीच सापडत नाही तेव्हा साइट स्वतःला नवी समजते आणि हे पान दाखवते.

'आडोसा' ती परतूरच्या घरातूनच चालवायची. नोकरी पुण्यातल्या एका कंपनीची होती, पण काम घरी बसून. उरलेल्या वेळात तिनं ही ब्लॉगची साइट उभी केली होती. जालना जिल्ह्यातल्या, मग शेजारच्याही, बाया टोपणनावानं तिथं लिहायच्या. कुणी सासरचं, कुणी दवाखान्यातलं, कुणी नुसतं मेलेल्या शेळीबद्दल. ज्यांना टाइप करता यायचं नाही त्या कुणाकडून तरी करून घ्यायच्या. साइट एका भाड्याच्या सर्व्हरवर दोन कंटेनरमध्ये चालायची. कंटेनर म्हणजे झाकण लावलेले डबे, असं तिनं वडिलांना समजावलं होतं. एका डब्यात लोकांना दिसते ती साइट. दुसऱ्यात डेटाबेस, म्हणजे सगळी साठवण: लेख, प्रतिक्रिया, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकीचं खरं नाव, गाव, मोबाइल नंबर. एक डबा बिघडला तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. याच भरवशावर ती निर्धास्त होती.

दोन्ही कंटेनर तर व्यवस्थित चालू दिसत होते. तिनं डेटाबेसच्या आत शिरून पाहिलं. आतले सगळे तक्ते गायब होते. त्यांच्या जागी एकच नवा तक्ता होता आणि त्यात इंग्रजीत एक निरोप: तुमची सगळी माहिती आमच्याकडे आहे, सांगितलेली रक्कम या खात्यावर भरा, नाहीतर ती जगासमोर मांडू.

तिनं लॅपटॉप झाकला. परत उघडला. निरोप तिथंच होता.

असे निरोप टाकणाऱ्या टोळ्या जगात असतात हे तिनं वाचलं होतं. एखाद्या दुकानाच्या साइटला असा निरोप आला असता तर मालकानं डोक्याला हात लावला असता, इतकंच. पण परवाच 'आडोसा'च्या संपर्काच्या पानावरून तिला दुसरा एक निरोप आला होता, आणि तो मराठीत होता: 'काजवा कोन हाय ते आम्हाला पायजे. आडोश्यामागं कोन लपलं ते काढल्याबिगर राहनार न्हाई.'

काजवा हे एका लिहिणारीचं टोपणनाव. भोकरदन तालुक्यातल्या एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईनं ते घेतलं होतं. संस्थेचा सचिव धान्याच्या कोठीत बायांना एकटं कसं बोलावतो, आतून कडी कशी लावतो, आणि एक तरुण स्वयंपाकीण पगार न घेताच काम सोडून कशी पळाली, एवढंच तिनं लिहिलं होतं. शाळेचं नाव नव्हतं, सचिवाचं नव्हतं. तरी तो लेख मोबाइल-मोबाइलवरून फिरला आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलं. सचिवाचं नाव रामप्रसाद. त्याच्यासमोर तालुक्यात सहसा कुणी तोंड उघडत नसे.

प्रीती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बाहेर बाजार समितीकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि तिला ते फार लांबून ऐकू येत होते.

तिनं सुमितला फोन लावला. सुमित तिचा इंजिनीअरिंगचा वर्गमित्र, पुण्यात सर्व्हरच्या सुरक्षेचंच काम करायचा.

"आधी दोन्ही कंटेनर थांबव," तो म्हणाला. "पण काही पुसू नको. लॉगमधल्या येण्याजाण्याच्या नोंदी जशाच्या तशा मला पाठव. डेटाबेसचं पोर्ट बाहेरून उघडं होतं का?"

"फायरवॉल आहे ना रे. बंदच असणार."

"बघ."

तिनं पाहिलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला साइट नव्या सर्व्हरवर नेताना, घरच्या लॅपटॉपवरून जोडता यावं म्हणून तिनं डेटाबेसच्या कंटेनरला बाहेरच्या बाजूनं एक दार दिलं होतं. काम संपल्यावर ते बंद करायचं राहिलं. फायरवॉल लावलेलीच होती, म्हणून तिला कधी काळजी वाटली नाही. पण कंटेनरचं दार असं उघडलं की ते फायरवॉलला वळसा घालून परस्पर बाहेर निघतं. पहारेकरी वेशीवर उभा आणि मागचं कुंपण मोकळं. हेही तिनं कधीतरी वाचलं होतं. पासवर्ड तर चाचणीपुरता ठेवलेला, कुणीही ओळखावा असा.

"उघडं होतं," ती म्हणाली.

"बॅकअप?"

रोजची प्रत काढणारी व्यवस्था होती. तिनं ते फोल्डर उघडलं. सर्व्हर बदलल्यापासूनच्या सगळ्या फायली रिकाम्या होत्या. प्रत काढणारा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर जाऊन, काही न मिळाल्यानं, रोज इमानानं एक रिकामी फाइल ठेवून जात होता. म्हणजे पावसाळ्यापूर्वीचे लेख शाबूत होते आणि त्यानंतर आलेलं सगळं गेलं होतं. काजव्याचा लेखही. त्यानंतर नाव नोंदवलेल्या बाया तर प्रीतीच्या हातून पार सुटल्या होत्या. ज्यांचे नंबर कदाचित चोराकडं होते आणि तिच्याकडं नव्हते, अशा बाया. त्यांना सावध करायचं तरी कसं?

"सुमित, नावं होती रे त्यात."

"खरी नावं कशाला ठेवलीस?"

"कुणी खोडसाळपणा करू नये म्हणून. नोंदणी खरी असावी म्हणून."

"लॉग पाठव," तो म्हणाला. "घाबरू नको" असं मात्र तो म्हणाला नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी तिनं वडिलांना सगळं सांगितलं. अप्पाराव एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. कंटेनर, पोर्ट, फायरवॉल यातलं त्यांना काही कळलं नाही, पण मुलीचा चेहरा कळला.

"त्या बाईला फोन कर ना मंग. सावध तरी राहील."

"फोन दिवसभर तिच्या नवऱ्याजवळ असतो पप्पा. तो काळीपिवळी जीप चालवतो. संध्याकाळी त्याचा नेम नसतो, कधी तो उचलतो, कधी ती. मी काय सांगू त्याला? तुझ्या बायकोनं माझ्याकडं लिहिलंय म्हणून?"

काजवा म्हणून नोंदलेली ती बाई म्हणजे पिंपळगाव रेणुकाईची रेणुका. प्रीती तिच्याशी एकदाच बोलली होती, लेख छापण्याआधी, म्हणून तिचं नाव-गाव आणि नंबर प्रीतीच्या फोनमध्ये राहिले होते. तेव्हा रेणुकानं हळू आवाजात विचारलं होतं, "ताई, आमचं नाव कुटं दिसनार न्हाई ना?" आणि प्रीती म्हणाली होती, "बिलकुल नाही. मी आहे ना."

अप्पारावांनी चष्मा काढून पुसला. "सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येतो संगं."

सकाळी जालन्याला उतरून त्यांनी भोकरदनची बस धरली. बसमध्ये प्रीतीनं जुन्या प्रतीतले नंबर काढले. ज्यांचा फोन स्वतःच्याच हातात असतो अशी खात्री होती, तेवढ्यांनाच ती लावत होती. घनसावंगीची प्रांजली शिक्षिका होती. तिनं नवऱ्यापासून वेगळं होण्याबद्दल लिहिलं होतं आणि शाळेत कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. प्रीतीचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं नाव आता कुणाकडंही असू शकतं?"

"असू शकतं. मला अजून नक्की..."

"तुम्हीच म्हणाला होता ना, आडोसा आहे म्हणून? कसला आडोसा हा?" प्रांजलीचा आवाज फाटला. "माझं सगळं काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

फोन बंद झाला. साइटवरून काढून टाकायला काही उरलंच नव्हतं, हेसुद्धा प्रीतीला सांगता आलं नाही. त्यानंतर तिला अनोळखी नंबरावरून फोन आला. ती पडद्याकडं बघत राहिली. वाजून वाजून तो बंद झाला. परत आला. अप्पारावांनी हात पुढं केला तसा तिनं फोन पालथा घालून मांडीखाली दाबला.

भोकरदनहून पुढं काळीपिवळी होती. मागं माणसं खच्चून भरली होती, म्हणून चालकानं या दोघांना पुढं बसवलं. तो तिशीचा, गळ्यात उपरणं, बोलायला मोकळा.

"पिंपळगावात कोनाकडं?"

प्रीतीच्या तोंडून निघालं, "मंदिरात. देवीला."

"नवस हाय का?"

"हो," अप्पाराव म्हणाले. त्यांनी आयुष्यात कधी नवस केला नव्हता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बाया कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. प्रीतीला वाटलं, यातली कोणती तरी असेल. तेवढ्यात चालकाचा फोन वाजला. त्यानं एका हातानं स्टिअरिंग सांभाळत तो कानाला लावला.

"हां साहेब, गोरक्षनाथ बोलून राह्यलो."

प्रीतीनं वळून त्या फोनकडं पाहिलं. रेणुकानं नोंदवलेल्या पूर्ण नावात नवऱ्याचं नाव गोरक्षनाथ होतं. ज्या फोनवरून काजव्याचा लेख आला होता तो फोन हातभर अंतरावर या माणसाच्या कानाला होता.

"न्हाई साहेब... आमच्या घरातलं? न्हाई न्हाई. माय आडानी हाय माही. बायको? ती कशाला लिहिती... हां. इचारतो. हां साहेब, आलो की इचारतो बराबर."

त्यानं फोन खिशात टाकला. त्यानंतर तो बोलला नाही. गाडी मात्र जास्त जोरात चालवू लागला. प्रीतीनं वडिलांकडं पाहिलं. अप्पाराव समोर रस्त्याकडं बघत होते, पण त्यांचा हात तिच्या हातावर आला होता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी वाजत होती: नावं पोचली. त्यांच्यापर्यंत पोचली. आपण उशीर केला.

देवळापाशी ते उतरले. जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत पायरीवर उभे राहिले. मग अप्पारावांनी एका म्हाताऱ्याला घर विचारलं. घर गावाच्या कडेला होतं. पुढं पत्र्याचं छप्पर, बाजूला शेळ्या-मेंढ्यांची जाळी. अंगणात एक साठीच्या पुढची बाई बाजेवर कापूस पसरून त्यातला पाला-कचरा काढत होती. रेणुकाची सासू, सुगंधाबाई. दिवाळीच्या सुट्टीमुळं शाळा बंद होती म्हणून ती घरी होती. स्वयंपाकघरातली नोकरी तिचीच होती. रेणुका हाताखाली मदतीला जायची, तेही गरज पडली तर.

"बचत गटाच्या ट्रेनिंगचं सांगायला आलोय," प्रीती म्हणाली. "रेणुकाताई आहेत का?"

आवाज ऐकून आतून रेणुका बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थबकली. तिनं आवाज ओळखला होता. तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

प्रीती तिला जाळीकडं घेऊन गेली आणि जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं. साइटचं दार उघडं राहिलं. कुणीतरी आत आलं. नावं गेली असतील. सांगताना वाक्य तुटत होतं. रेणुका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती. मेंढी हलली तरी तिचा हात हवेत तसाच राहिला.

"म्हंजे त्याला कळलं?"

"माहीत नाही. पण आत्ता जीपमध्ये तुमच्या मालकांना फोन आला होता. बहुतेक त्याचाच."

"माझ्या जिवाचं काय होईल ताई आता?" रेणुका म्हणाली. ती रडली नाही. तिनं फक्त घराच्या दाराकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, जणू पळायचं झालं तर कुठून पळावं ते शोधत होती.

"काय कुजबुजून राह्यल्या गं?" सुगंधाबाई बाजेवरून म्हणाली. "माझंच ना? इकडं या. मला कमी ऐकू येतं, पर समजतं सगळं."

दोघी जवळ गेल्या. म्हातारीनं हातातला कापूस खाली ठेवला.

"काजवा मी हाये पोरी. ही न्हाई. हिनं नुसतं बोटं चालवली. मी बोलत गेले, ही दाबत गेली. एका दमात न्हाई जमलं, लई दिवस लागले. मधी मधी मलाच बोलायचं व्हायचं न्हाई."

इतके दिवस काजवा म्हणजे रेणुकाच्या वयाची, रेणुकाच्या आवाजाची बाई तिच्या डोळ्यांसमोर होती.

"मावशी, तुमच्यासोबत सुद्धा...?"

"माझ्यासंगं आता कशाला? मी तरनी व्हते तवा त्याचा बाप व्हता." एवढंच बोलून सुगंधाबाईनं परत कापूस उचलला. बोटं भराभर चालायला लागली.

जीपचा आवाज आला. ती दारापर्यंत आली, थांबली. गोरक्षनाथ उतरला आणि अंगणात बसलेल्या अप्पारावांना पाहून जागीच राहिला.

"तुम्ही तर देवळात जायचं म्हनल्ता."

रेणुकाची नजर त्याच्या खिशातल्या फोनवर गेली. त्यानं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, प्रीतीकडं पाहिलं. खिशातून फोन काढून तो त्यानं समोर धरला, जणू तोच चोर होता.

"याच्यावरून लिहिलं तुम्ही? माझ्या मोबाइलवरून?" त्याचा आवाज चढला. "सचिव मला इचारून राह्यला आन मी शपथा घेऊन राह्यलो, आमच्या घरातलं न्हाई म्हनून! रेणुका, इकडं ये."

त्यानं पाऊल पुढं टाकलं. रेणुका जाळीला टेकली. प्रीतीला हलता येईना. तिला वाटलं, आता हा मारणार, आणि त्याला कारण आपण. अप्पाराव उठून मधे उभे राहिले. उंची बेताची, अंगात पांढरा शर्ट, हात नुसते खाली सोडलेले.

"आधी बसा," ते म्हणाले. बसमधल्या भांडणात ते ज्या आवाजात बोलत असतील त्याच आवाजात. "बसा. पानी घ्या. मंग काय बोलायचं ते बोला."

गोरक्षनाथ थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग खरंच बाजेच्या कडेला बसला. बसल्यावर तो संतापलेला दिसेना, घाबरलेला दिसू लागला. "सुट्टीला शाळेची पोरं माझ्याच जीपमधून जातात-येतात," तो म्हणाला. "त्यानं एक शब्द टाकला तर या रोडला गाडी चालू द्यायचे न्हाईत. घरात येतील. तुम्हाला समजत कसं न्हाई?"

"लेख माझा हाय," सुगंधाबाई म्हणाली. "तिच्याकडं नको बघू. माझ्याकडं बघ."

त्यानं आईकडं पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं मान खाली घातली आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिला.

तेवढ्यात प्रीतीचा फोन वाजला. ती दचकली. सुमित होता. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, कारण एकटीनं ऐकायची तिची हिंमत नव्हती.

"प्रीती, लॉग बघितले. हे काम माणसाचं वाटत नाही. असे प्रोग्राम जगभर दारं ठोकत फिरतात, उघडं सापडलं की आत जाऊन सगळं पुसतात आणि तीच ठरलेली धमकी टाकून निघून जातात. त्यांना मराठीही येत नसणार. आणि त्या वेळात तुझ्या सर्व्हरवरून बाहेर गेलेला डेटा अगदी किरकोळ आहे. एवढ्यात तुझे तक्ते मावणार नाहीत. बहुतेक त्यांनी काही नेलंच नाही. पुसलं आणि खोटं बोलले."

"बहुतेक?"

"बहुतेकच म्हणेन. खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्याआधी कुणी हळूच येऊन गेलं असेल तर त्याचे लॉग आता राहिलेले नाहीत."

फोन बंद झाला. प्रीतीला समजलं ते भयंकर होतं. रामप्रसादकडं नाव पोचलंच नव्हतं. तो अंधारात चाचपडत होता, एकेकाला फोन करून बघत होता. त्याला या घरापर्यंत आणेल असं आत्तापर्यंत काही नव्हतं. आता मात्र परतूरच्या दोन अनोळखी माणसांनी गावात घर विचारलं होतं आणि ते म्हाताऱ्यानं ऐकलं होतं. सावध करायला येऊन तिनंच बोट दाखवलं होतं.

"मंग झालं ना," गोरक्षनाथ म्हणाला. "नाव गेलं न्हाई. लेख बी पुसला. कुनी काय बोलायचं न्हाई. तुम्ही बचत गटाचे, गेले तुम्ही. संपलं."

प्रीतीला हायसं वाटलं. या वाटण्याची तिला नंतर लाज वाटली, पण त्या क्षणी तिलाही तेच हवं होतं: उठावं, बस धरावी, दार लावून घ्यावं.

"तुला फोन केला," सुगंधाबाई मुलाला म्हणाली, "म्हंजे समद्यांच्या घरी केला असंल. दुर्गाबाईच्या घरी बी."

रेणुका पहिल्यांदाच मधे बोलली. "दुर्गाबाईला काल तिच्या मालकानं मारलं. तूच लिहिलं म्हनून. नळावर सांगत व्हती. डोळा सुजला व्हता."

दुर्गाबाई त्याच स्वयंपाकघरातली दुसरी बाई. तिला अक्षरही वाचता येत नव्हतं.

सुगंधाबाईनं बाजेवरचा कापूस गोळा करून एका बाजूला सारला आणि जागा केली. "ये पोरी, बस हितं. काढ तुझा मोबाइल. गेलं ते गेलं, परत सांगते. बराबर लिही. आन वर काजवा टाकू नको. माझं नाव टाक."

"मावशी, नाव नको." प्रीती म्हणाली. "मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. माझ्याच्यानं तुमचं नाव लपवणंसुद्धा झालं नाही."

"मला काय भेव वाटत न्हाई असं वाटतं व्हय तुला?" म्हातारी म्हणाली. "कालपासून घास गिळला न्हाई मी. पर त्या बाईनं माझ्या वाटचा मार खाल्ला ना."

मग ती बोलू लागली. प्रीती लिहीत होती. गोरक्षनाथ आधी उठून जीपपाशी गेला, मग परत येऊन दारात उकिडवा बसला. कोठीच्या कडीचं ऐकताना त्यानं कानावर हात ठेवला नाही, पण मान वर केली नाही. सुगंधाबाईचं बोलून झालं. शेवटी तोच म्हणाला, "ब्लॉगवर टाकून काय व्हतं? तक्रार करायची तर भोकरदनला जावं लागंल. मी नेतो."

ठाण्यात त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. हवालदारानं सुगंधाबाईला तिचं वय विचारून हसण्यासारखं तोंड केलं, पण अप्पाराव खुर्चीवरून उठेनात, तसा त्याला अर्ज घ्यावा लागला. त्याची प्रत जालन्याला महिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडं गेली. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा सुगंधाबाईला कामावर घेतलं नाही. गोरक्षनाथची शाळेची फेरी दुसऱ्या जीपला गेली. एका सकाळी जाळीचं दार मोडलेलं आणि मेंढ्या रस्त्यावर सापडल्या. कुणी मोडलं ते कळलं नाही. त्या दिवसापासून रेणुका घरात एकटी थांबेना.

प्रीतीनं 'आडोसा' पुन्हा उभा केला. या वेळी डेटाबेसच्या कंटेनरला बाहेर दार ठेवलं नाही. तो फक्त शेजारच्या कंटेनरशी बोलू शकत होता. सुमितनं बाहेरून ठोकून पाहिलं आणि मगच होकार दिला. नावं आणि नंबर तिनं साठवलेच नाहीत. जे घरात नाही ते चोरीला जात नाही, एवढं तिला कळलं होतं. झालेला प्रकार तिनं पहिल्या पानावर स्वतःच्या नावानं लिहिला, ज्यांना फोन करता आला नाही त्यांच्यासाठी. पुष्कळ बाया परत आल्या नाहीत. प्रांजली आली नाही. सुगंधाबाईचा लेख तिच्या नावानं वर होता, आणि प्रीती रोज उठून आधी तो जागेवर आहे का ते बघायची. अनोळखी नंबर वाजला की अजूनही ती फोन पालथा घालायची. 'बहुतेक' हा शब्द तिच्या मनातून जात नव्हता.

समितीपुढची तारीख हिवाळ्यात लागली. जालन्याच्या त्या कार्यालयाबाहेर रामप्रसाद चारपाच माणसं घेऊन उभा होता. इस्त्रीचे कपडे, हातात मोबाइल, कुणाशी तरी हसून बोलणं चाललेलं. दुर्गाबाई आली होती. स्वयंपाकघरातल्या आणखी दोघी येतो म्हणाल्या होत्या, त्या आल्या नाहीत. प्रीती परतूरहून पहिल्या गाडीनं येऊन थांबली होती. जीप आली, गोरक्षनाथनं दार उघडलं आणि सुगंधाबाई खाली उतरली. धुवट लुगडं, डोक्यावरून पदर. आत जायचं तर रामप्रसादच्या जवळूनच जावं लागत होतं.

तो हसायचा थांबला आणि तिच्याकडं पाहू लागला.

सुगंधाबाईनं प्रीतीचं मनगट पकडलं. घट्ट, दुखेल इतकं. दुर्गाबाई दुसऱ्या बाजूनं आली.

"चल," म्हातारी म्हणाली, "जल्दी चल, न्हाईतर माझे पाय हितंच बसतील."

त्या तिघी त्याच्या समोरून आत गेल्या.